न कापलेला कोपरा

फार फार पूर्वी डोंगराळ मुलखात इस्राएलांचं एक राज्य होतं. होतं असंच म्हणायला हवं, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ते बुडून तीन वर्षं झाली होती. तिथले राजे आज या सम्राटापुढे मान तुकवत, उद्या त्याच्या वैऱ्याशी हातमिळवणी करत. शेवटी अश्शूरच्या सम्राटाचं सैन्य आलं, राजधानी पडली आणि जमीनदार, कारागीर, धडधाकट माणसं सगळी दूरदेशी नेली गेली.

एका खेड्यात एक म्हातारी तेवढी मागे राहिली. तिचे अधू गुडघे पाहून शिपायांनीच तिचा नाद सोडला. तिच्या सुतार मुलाला, एल्दादला, मात्र त्यांनी नेलं.

दूरदेशी नेलेल्या मालकाच्या ओस पडलेल्या शेतात ती आता जव पिकवायची. या शेताचा एक कोपरा तिच्या फार ओळखीचा होता. पूर्वी रीतच होती, कोपरा कापायचा नाही. तो विधवेचा, पोरक्याचा आणि परक्याचा. नवरा गेला तेव्हा तान्ह्या एल्दादला पाठीशी बांधून तिने इथेच ओंब्या वेचल्या होत्या. मालक गड्यांना दरडावायचा, "कोपऱ्याला विळा लावाल तर खबरदार!" दुपारी सगळ्यांच्या भाकऱ्या एकाच झाडाखाली सुटायच्या. किती गोड दिवस होते ते! आठवलं की म्हातारीचा विळा हातातच राहायचा.

त्या वर्षी पीक बेताचं आलं. सम्राटाने रिकाम्या गावांत दूरदूरची माणसं आणून वसवली होती. त्यांतलीच एक बाई लहान मुलीला घेऊन बांधावर येऊन उभी राहिली.

म्हातारीने तिला पाहिलं आणि मुद्दाम कोपऱ्यालाच विळा लावला.

"आजी, मूठभर वेचू का?" बाई तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाली. "पोर उपाशी आहे."

"तुमच्या राजाने माझा मुलगा नेला, आणि तुला माझं धान्य हवं?"

"आमचा कुठला राजा, आजी? त्याने आमचंही शहर जाळलं. हिचा बाप कुठे आहे, मला ठाऊक नाही."

म्हातारीचा हात थांबला. तिला वाटलं, माझा एल्दादही असाच कुणाच्या तरी बांधावर उभा असेल. तिथली म्हातारी काय करत असेल?

तिने कापलेली पेंढी पुन्हा कोपऱ्यात टाकली. "वेच बाई. हा कोपरा तुझाच. आमच्याकडे तशी रीत आहे."

त्या हिवाळ्यात म्हातारीला कित्येकदा अर्ध्या भाकरीवर भागवावं लागलं. एल्दाद काही परतला नाही. वर्षं गेली, तिचे गुडघे पार थकले, आणि शेत त्या मायलेकीच करू लागल्या. म्हातारी बांधावर बसून बघायची.

एका कापणीला मुलगी सपासप कापत कोपऱ्यापाशी आली आणि थांबली.

"का गं, दमलीस?" म्हातारीने मुद्दामच विचारलं.

"नाही आजी," मुलगी विळा पुसत म्हणाली, "कोपरा कापायचा नसतो. आमच्याकडे तशी रीत आहे."

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. कितीतरी वर्षांनी तिला आपल्या गावात असल्यासारखं वाटलं.

तात्पर्य एवढंच: आपल्यातलं जे चांगलं, ते परक्यालाही द्यावं, राज्य गेलं तरी ते मागे उरतं.