न कळवता येणाऱ्या मालकाची सूचना

विषय : एका नगरातील एकाच व्यापाऱ्याची सतरा दुकाने एका वर्षात बंद पडल्याबाबत.
संदर्भ : शिंपीण, गाडीवान व जुना भांडारी यांचे तोंडी जबाब.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी, की ज्या काळी दुकानदार गिऱ्हाइकाला उंबऱ्याबाहेरच उभे करीत, त्या काळी एका व्यापाऱ्याने उघड्या फळ्यांचे दुकान काढले. आत यायचे, हवे ते स्वतः उचलून टोपलीत घालायचे, दारापाशी पैसे द्यायचे. लोकांना याचे इतके अप्रूप वाटले की काहीजण रिकामी टोपली घेऊन नुसतेच फिरून जात.

व्यापाऱ्याची रीत सोपी होती. रोज सकाळी फळ्यांवरून नजर फिरवायची आणि जिथे जागा रिकामी दिसेल, तो माल त्याच दिवशी मागवायचा.

एकाची सतरा दुकाने झाली. व्यापारी मात्र एकच राहिला. म्हणून त्याने कारभारी नेमला. कारभाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तपासणीच्या तारखा ठरवून सर्व दुकानांना कळवल्या.

मालकाला फळी रिकामी दिसावी, असे कोणत्या नोकराला वाटेल? मग ज्या दुकानी तपासणी, तिथे आदल्या दिवशी बाकी सोळा दुकानांतला माल गाडीने नेऊन मांडू लागले. मालक येई, भरलेल्या फळ्या पाही आणि समाधानाने परत जाई. रिकामी जागा दिसत नसल्यामुळे माल मागवण्याचा प्रश्नच उरला नाही.

हे प्रथम एका शिंपिणीच्या लक्षात आले.

“दादा, आज गूळ कुठं उतरवणार?” तिने गाडीवानाला विचारले.

“तुम्हाला काय करायचंय, वहिनी?”

“काही नाही हो. तुमची गाडी जिथं, तिथं आमची टोपली. या ढेपेला एव्हाना गावातल्या सगळ्या गल्ल्या पाठ झाल्या असतील.”

तिने शेजारणींना सांगितले. शेजारणींनी कोणालाही न सांगण्याचे ठरवले, त्यामुळे आठवड्याभरात सगळ्या नगराला कळले.

पहिल्या दुकानाच्या भांडाऱ्याला हे बघवेना. दुकान उघडले त्या दिवसापासून तो तिथे होता. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही तो व्यापाऱ्याच्या घरी गेला.

“शेठ, एकदा न कळवता या.”

“का रे? काही कमी आहे का?”

“मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तुम्ही बघितलंत तर माल येईल.”

शेठला कुतूहल वाटले. त्याने कारभाऱ्याला बोलावले. “उद्या पहिल्या दुकानात अचानक जावं म्हणतो.”

“उत्तम. लगेच कळवतो त्यांना.”

“कळवलंस तर अचानक कसं होईल?”

“पण शेठ, तुम्ही गेलात आणि दाराला कुलूप असलं तर? स्वतःच्या दुकानापुढे ताटकळणं तुम्हाला शोभेल का?”

शेठने स्वतःला बंद दारापुढे उभे असलेले कल्पून पाहिले. चित्र बरे दिसेना.

“बरं, कळव,” तो म्हणाला.

सूचना निघाली : उद्या सकाळी दहा वाजता मालक न कळवता येणार आहेत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या दुकानात सगळ्या नगराचा माल होता आणि सगळे नगरही होते.

“कमी कुठं दिसतंय तुला?” शेठ भांडाऱ्याला म्हणाला. “ही गर्दी बघ.”

“गर्दी इथंच आहे, शेठ. बाकी सोळा ठिकाणी काळं कुत्रं नाही.”

“तुला जरा विश्रांतीची गरज आहे,” शेठ हसून म्हणाला.

भांडाऱ्याने चावी कारभाऱ्याच्या हाती दिली आणि तो घरी गेला. कारभाऱ्याने चावीची रीतसर पोच दिली.

संध्याकाळपर्यंत शेवटची ढेपही विकली गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत घालायला सतरा दुकानांत मिळून एक काड्यापेटी निघाली. माल पुरवणाऱ्यांनी वर्षभर मागणी नाही म्हणून दुसरी गिऱ्हाइके धरली होती. महिन्याभरात सतराही दारे बंद झाली आणि नगराच्या नियमानुसार कोतवालाने त्यांना मोहोर लावली.

एवढ्यावरून निघते ते तात्पर्य : जो येण्याची वर्दी देऊन बघायला जातो, त्याला त्याच्यासाठी मांडलेलेच दिसते.

आपले पहिले दुकान एकदा आतून समक्ष पाहू द्यावे, असा अर्ज व्यापाऱ्याने कोतवालीत दिला आहे. ‘भेटीची तारीख आधी कळवावी’ असा त्यावर शेरा आहे. तारीख ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.