चितारणीनं धुरपाला बसवलं त्याची गोष्ट

एका गावात एक चितारीण होती, आणि त्या अख्ख्या गावाला एका कादंबरीचं वेड होतं.

कादंबरी जुनी. लिहिणारा कधीच देवाघरी गेला होता, पण त्याची नायिका धुरपा गावात अजून नांदत होती. मुलींचं नाव धुरपा ठेवत, लाडक्या म्हशीचंही ठेवत. गोष्ट तशी साधी. वरच्या अंगाला मोठ्या तळ्याचा बांध चिरला होता आणि खालच्या गावांना त्याचा पत्ताच नव्हता. धुरपानं ती चीर पाहिली आणि जी निघाली ती गावामागून गाव सावध करत गेली. वाटेत राजपुत्र नाही की राक्षस नाही. एक बाई चालते आहे आणि मागून पाणी येतं आहे, एवढंच. पण ऐकता ऐकता माणसांचा घास हातातच राही.

गावानं या कादंबरीसाठी एक मंडप बांधला होता. तिथं संध्याकाळी वाचन होई, आणि ऐकणाऱ्यांच्या समोरच्या भिंतीवर धुरपाचं एक चित्र असे. एकच. ते काढणारा जिवंत असेतो त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही. ज्यानं काढलं त्यानं मात्र हवं तर उतरवावं. पण स्वतःचं चित्र उतरवणाऱ्याला ती भिंत पुन्हा जन्मात मिळायची नाही. हा नियम कुणा जुन्या पंचांनी केला होता, आणि त्यात त्यांचं फार चुकलं असंही नाही. चितारी लोक लहरी. आज टांगतील, उद्या नाक आवडलं नाही म्हणून उतरवतील. रोज कोण शिडी धरून उभं राहणार?

भिंतीवरचं चित्र होतं ते फिकं पडलं होतं. काढणारा म्हातारा वारला होता. त्यानं धुरपा काढली होती गोरीपान, नाजूक, चाफेकळी नाकाची. चितारीण लहानपणापासून त्या चित्राकडे बघून नाक मुरडायची. पुस्तकात तर लिहिलेलं होतं की धुरपा काळी आहे, नाक चपटं आहे, पुढचा एक दात अर्धा तुटला आहे आणि एका कानातली बुगडी वाटेत कुठंतरी पडली आहे. चितारणीला हे सगळं पाठ होतं. मोठी झाले की पुस्तकाबरहुकूम धुरपा काढीन, असं ती सगळ्यांना सांगत सुटायची. तिचा जीवच होता धुरपावर. जेवताना, झाडलोट करताना, रंग खलताना ती मनात धुरपाशीच बोलायची.

म्हातारा गेल्यावर पंचांनी भिंत तिला दिली. ती कामाला लागली. पंच मधूनमधून येऊन डोकावत आणि कपाळाला आठ्या घालत. रंग जरा उजळ कर म्हणाले. दात झाकला तर बरं म्हणाले. दुसरी बुगडी घालून टाक, बाईमाणसाचा कान ओका दिसतो म्हणाले. चितारणीनं प्रत्येक वेळी पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं. पुस्तकापुढे कुणाचं काय चालणार? पंच आल्या पावली परत गेले.

चित्र भिंतीवर लागलं तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. काळीभोर, तुटक्या दाताची, एका बुगडीची धुरपा चौरंगावर बसली होती, हात मांडीवर ठेवून, थेट समोर बघत. बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ही खरी धुरपा, असं सगळे म्हणाले. लाकडी ठसे कोरून तिच्या नकला छापल्या गेल्या आणि घरोघरी भिंतीवर लागल्या. पंचांनी चितारणीच्या खांद्यावर शेला घातला.

आता तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण झालं भलतंच. त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. रंग खलायला घेई आणि तसेच टाकून उठे. अंगण झाडून झालेलं पुन्हा झाडे. मग मंडपात जाऊन चित्रासमोर उभी राही. दात होता. बुगडी होती. नाक जसं लिहिलं होतं तसंच होतं. सगळं जागच्या जागी, आणि तरी काहीतरी चुकलंय म्हणून मन खात राही. नाव घेता येईल असं दुखणं असतं तर वैद्याकडे गेली असती.

तिची मोठी बहीण त्याच गावात राहायची. बहिणीची मुलगी, म्हणजे चितारणीची भाची, अशी होती की तिच्या पायाला भिंगरी. कुंपणावरून उड्या मारायची, नदीपलीकडच्या टेकडीवर काय आहे ते बघून यायची, आणि आल्यावर दमही न खाता सगळं मावशीला सांगायची. चितारणीनंच तिला कादंबरी वाचून दाखवली होती. तेव्हापासून पोरगी धुरपा धुरपा खेळायची. दारोदार जाऊन पाणी आलं, पाणी आलं म्हणून ओरडायची. शेजारणी वैतागायच्या, पण हसायच्याही.

एक दिवस चितारीण बहिणीकडे गेली, तर भाची कोपऱ्यात मांडी घालून बसलेली. समोर वातींसाठी कापूस. तोंड एवढंसं झालेलं. वर भिंतीवर छापील धुरपा. बहीण कौतुकानं सांगू लागली की तुझ्या चित्रानं माझं काम हलकं केलं बाई. पोर उंडारायला निघाली की मी नुसतं बोट दाखवते. बघ म्हणते, तुझी धुरपा कशी शांत बसली आहे, हात मांडीवर ठेवून. तूही तशीच बस. आणि माझ्याच घरी नाही हो, आळीतल्या सगळ्याच आया हेच करतात.

चितारीण कसनुसं हसली. बहीण चुलीकडे गेल्यावर ती भाचीजवळ टेकली आणि म्हणाली, उद्या ये माझ्याकडे, धुरपाची गोष्ट वाचू.

भाचीनं मान हलवली. "नको मावशी. मला धुरपा आता नाही आवडत."

"का गं?"

"ती नुसती बसते."

चितारीण घरी आली ती जवळजवळ पळतच. पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आजवर तिनं ते शंभरदा वाचलं असेल, पण नाक कसं, कान कसा, लुगड्याचा रंग कोणता, हे शोधत. या खेपेला तिनं तिकडे पाहिलंच नाही. पहिल्या गावात धुरपाला कुणी पाट मांडून दिला. तिनं उभ्या उभ्या निरोप सांगितला आणि निघाली. दुसऱ्या गावात म्हातारीनं भाकर वाढली. ती तिनं पदरात बांधून घेतली. पुढच्या गावात ताप होता अंगात, तरी दाराच्या चौकटीला धरून बोलली. चितारीण पानं उलटत राहिली. प्रत्येक गावात कुणीतरी धुरपाला बस म्हणत होतं, आणि ती बसत नव्हती. शेवटच्या पानापर्यंत धुरपा एकदाही बसली नव्हती.

मग चितारणीनं तिला बसवलं कशामुळे? तर तिच्या गुरूनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की चेहरा खुलवायचा तर माणूस आधी बसवून घ्यावं. उभं माणूस डुलतं, चालतं माणूस तर हाती लागतच नाही. ते तिच्या हातात इतकं मुरलं होतं की राजा असो की रखवालदार, तिच्या कुंचल्यातून सगळे चौरंगावर बसूनच बाहेर पडत. दातासाठी ती पंचांशी भांडली, बुगडीसाठी भांडली, आणि चौरंग मात्र स्वतःच आणून ठेवला. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पुस्तक मिटून दूर सारलं.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. कधी तिला वाटे, कुणाच्या लक्षात आलंय? कुणाच्याच नाही. मग हात दाखवून अवलक्षण कशाला? भिंत आपली आहे, मान आपला आहे, आयुष्यभर दुसरं काही मागितलं नव्हतं. असं मनाला समजावून ती बाजाराला निघे, आणि वाटेत एखाद्या खिडकीतून ऐकू येई, धुरपासारखी बस पाहू. की ही तिथूनच मागे फिरे. कुठल्या गल्लीतून जावं तेच तिला समजेना. जिकडे जावं तिकडे तिची धुरपा कुणा ना कुणा मुलीला खाली बसवत होती.

शेवटी ती थोरल्या पंचांकडे गेली. त्याच भिंतीवर चित्र दुरुस्त करू द्या म्हणून विनवलं. ते म्हातारे होते, पण वाईट नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोकांना आवडलंय, पोरी. आणि चुकलंय कुठं? दात आहे, बुगडी आहे. तूच पुस्तक दाखवलं होतंस."

"काका, नाकडोळे मी बरोबर काढले. धुरपाच काढायची राहिली."

 ते म्हणाले की नियम सगळ्यांना एक, तुझ्यासाठी मोडला तर उद्या मंडपात शिड्याच शिड्या. "उतरवलंस तर भिंत गेली. जन्माची गेली. घरी जा, नीट विचार कर."

नीट विचार करायची ताकदच तिच्यात उरली नव्हती. विचार केला असता तर कदाचित चित्र अजून तिथंच असतं. ती घरी न जाता सरळ मंडपात गेली, आणि संध्याकाळच्या वाचनाला माणसं जमत असताना सगळ्यांच्या देखत तिनं शिडी लावून चित्र उतरवलं.  चित्राचं कापड सुटून खाली आलं तेव्हा कुणीतरी बाई रडायला लागली. लोक नाही नाही ते बोलले. शेला परत दे म्हणाले, तो तिनं दिला. सगळ्यात जास्त चिडली ती सख्खी बहीण. माझ्या भिंतीवरचं मी काढणार नाही, असं तिनं बजावलं आणि भाचीचं मावशीकडे जाणं बंद केलं.

वेशीपाशी एक लांबलचक चुन्याची भिंत होती. तिथं कुणीही काहीही काढावं. पोरं कोळशानं हत्ती काढत, हकीम आपली जाहिरात लिही, आणि पावसाळ्यात सगळंच धुऊन जाई. चितारणीनं रंगांची मडकी तिथं नेली. आता ती चालणारी धुरपा काढू लागली. पण चालणारं माणूस तिनं कधी काढलेलंच नव्हतं. पाय उचलला तर खांदे आखडत, खांदे सोडले तर पाय लंगडत. काढी आणि पुसे. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या चालीकडे ती अशी टक लावून बघे की त्या पदर सावरून घाईनं निघून जात. उन्हानं डोकं उठे, चुन्यानं बोटं फाटत, पण तिला घरी बसवेना.

जेव्हा पाऊल साधलं तेव्हा चेहऱ्याची पंचाईत आली. धुरपाचं तोंड वाटेकडे, पुढच्या गावाकडे. म्हणजे बघणाऱ्याला दिसणार पाठ, मान आणि गालाची नुसती कड. ज्या दातासाठी ती भांडली तो दिसायचा नाही. नाकही नाही. तिनं मान थोडी वळवून पाहिली, एवढा तरी दात दिसू दे म्हणून. मग तिचं तिलाच हसू आलं. मागून पाणी येत असताना वळून दात दाखवणारी बाई कुठली? तिनं ते तोंड पुसून टाकलं. त्या वेळी मात्र ती ओक्साबोक्शी रडली, कारण तो चेहरा तिनं लहानपणापासून जपला होता.

चित्र झालं. बघायला फारसं कुणी थांबलं नाही. हिला तोंडच नाही, म्हणून काही हसले. एकानं विचारलं, ही बाई कोण आणि एवढी कुठं निघाली?

एका दुपारी वाती अर्ध्या टाकून भाची घरातून निसटली आणि वेशीपाशी आली. मागोमाग बहीण निघाली, हातात चुलीची फुंकणी तशीच. पोर कुठंतरी नदीपार गेली असेल, तिला धरून आणायची, या रागानं ती तरातरा आली आणि पाहते तो पोरगी भिंतीसमोर उभी. नुसती उभी. हलत नव्हती, बोलत नव्हती. जिला दटावून बसवावं लागे ती आपण होऊन थांबली होती.

बहिणीनं हात उगारला होता तो हळूच खाली आला. तिनं वर पाहिलं. भिंतीवरची बाई पाठमोरी चालली होती, पदरात भाकर बांधलेली, आणि तिला कुणाचंही बस ऐकू येत नव्हतं. चितारीण बाजूला मडकी धूत होती. तिनं मान वर न करता हातातलं मडकं पुन्हा घासायला घेतलं. तिला आठवलं, हीच बहीण लहानपणी नदीच्या बांधावरून धावताना आपल्याला मागे टाकायची, आणि एके दिवशी कुणीतरी बहिणीलाही बसवलं होतं.

बहीण पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं भाचीच्या केसांतला कापूस काढला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाली, "जायचंय ना टेकडीवर? जा. दिवेलागणीच्या आत ये."

भाचीला आधी ते खरंच वाटेना. मग ती सुटली. दोघी बहिणी तिथंच उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

तात्पर्य: आपल्या आवडत्या माणसाचं नाकतोंड जपणं सोपं असतं, त्याचा स्वभाव जपायचा तर आपलं लाडकं काहीतरी सोडावं लागतं.