बिटकी चिचुंद्रीचा गाडा

एक होती चिचुंद्री. तिचं नाव बिटकी. बिटकीचा होता करवंटीचा गाडा. त्यात चिंचा भरायच्या, बाजारात न्यायच्या. खडखड खडखड!

एक दिवस खेकडे हवालदारांनी गाडा अडवला. थांबायची पाटी होती, तू थांबली नाहीस, म्हणाले. गाडा ठेवून घेतला. उद्या कोर्टात ये, म्हणाले.

बिटकीने वळून पाहिलं. पाटी होती, पण वेलीने पार झाकलेली. तिचे डोळे भरले. मग तिने ते पुसले.

"कोर्टात माझं मीच बोलेन," ती म्हणाली.

फांदीवरच्या खारीने सगळं पाहिलं होतं. पाहिलेलं खरंखरं सांगायचं, म्हणजे साक्ष. बिटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"खारमावशी, खारमावशी, साक्ष दे.
साक्ष कोर्टाला, गाडा मला."

खारीच्या पिल्लांना मऊ अंथरूण नव्हतं. खार म्हणाली, "आधी कापूस पाहिजे. मग साक्ष देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. आलं सावरीचं झाड.

"सावरीबाई, सावरीबाई, कापूस दे.
कापूस खारीला, साक्ष कोर्टाला, गाडा मला."

बोंडं फुटत नव्हती. सावरी म्हणाली, "आधी फुंकर पाहिजे. मग कापूस देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. भेटला वारा.

"वारोबा, वारोबा, फुंकर दे.
फुंकर सावरीला, कापूस खारीला, साक्ष कोर्टाला, गाडा मला."

वारा नुसता लोळत होता. म्हणाला, "आधी सूर पाहिजे. मग फुंकर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. आला बांबू.

"बांबूदादा, बांबूदादा, सूर दे.
सूर वाऱ्याला, फुंकर सावरीला, कापूस खारीला, साक्ष कोर्टाला, गाडा मला."

बांबू म्हणाला, "आधी भोक पाहिजे. मग सूर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. दिसला भुंगा.

"भुंगेराव, भुंगेराव, भोक दे.
भोक बांबूला, सूर वाऱ्याला, फुंकर सावरीला, कापूस खारीला, साक्ष कोर्टाला, गाडा मला."

भुंग्याच्या पंखांना डिंक चिकटला होता. त्याला उडताच येईना.

आता कोणाकडे जायचं? कोणाकडेच नाही. बिटकी खाली बसली. इवल्या दातांनी तिने डिंक काढला. हळूहळू, हळूहळू. पंख जरासुद्धा फाटू दिला नाही.

भुंगा उडाला, भुर्रर्र!
बांबूला भोक पाडलं, कुर्रर्र!
बांबू वाजला, पूंऽ पूंऽ!
वारा नाचला, सूंऽ सूंऽ!
बोंडं फुटली, फट् फट्!
कापूस गेला ढोलीत. पिल्लं झोपली गाढ.

दुसरा दिवस उजाडला. "चल," खार म्हणाली.

कोर्टात बसल्या होत्या हत्तीणबाई. त्यांनी विचारलं, तुझ्या बाजूने कोण बोलणार?

"मीच," बिटकी म्हणाली. "पाटी वेलीमागे होती. मला दिसली नाही. दिसली असती तर थांबले असते."

"खरं आहे," खार म्हणाली. "मी फांदीवरून पाहिलं."

हत्तीणबाई उठून पाटीपाशी गेल्या. सोंडेने वेल बाजूला केली. तेव्हा कुठे पाटी दिसली.

"एवढीशी चिचुंद्री, पण बोलली किती नीट," त्या म्हणाल्या. "हिचा गाडा हिला द्या."

हवालदारांनी धूळ पुसून गाडा दिला.

खडखड खडखड!
गाडा आला दारी, गोष्ट झाली पुरी.