बिळाच्या तोंडाशी

“पण हे कुत्रं मला मानवेल की नाही, एवढंच सांगा ना बुवा!”

देशमाने सरांचा हा प्रश्न तिसऱ्यांदा झाला होता. सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण आवाज काही अजून निवृत्त झालेला नव्हता.

शिदूबुवा जेवत होते. माळावरच्या खंडोबाचे ते वाघ्या. कोटंबा, म्हणजे भिक्षेचं लाकडी पात्र, जमिनीवर ठेवून त्यातली भाकरी ते खात होते आणि भोवती तीन कुत्री आपापला तुकडा चघळत होती.

“तुम्ही कुत्र्यांच्या पंगतीला बसता?” सरांना राहवलं नाही.

“देवाचा कुत्रा म्हणूनच वाघ्या झालो, गुर्जी. दुसऱ्या पंगतीत कोण घील मला?”

अशा उत्तरांची सरांना सवय नव्हती.

कुत्री गावठी नव्हती. फार वर्षांपूर्वी धरणाच्या कामावरचा एक इंजिनिअर बदली होऊन जाताना टेरियर जातीची जोडी बुवांच्या पदरात टाकून गेला होता. त्या जोडीची ही पतवंडं. गुडघ्याला लागतील न लागतील एवढी, राठ केसांची, आणि एका जागी म्हणून ठरायची नाहीत. शेतात घुशी माजल्या की लोक बुवांना बोलावत. कुत्री बिळात शिरायची आणि बुवा कुदळ घेऊन मागे उभे राहायचे.

अशा जातीचं एक पिल्लू सरांना हवं होतं. बायको जाऊन वर्ष झालं होतं. घर इतकं शांत झालं होतं की सर हल्ली रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बुवांनाही एवढंच म्हणाले, “घरात काही जिवंत हलतं-बोलतं असावं.”

“हलतं-बोलतं...” बुवा म्हणाले. “आणि ते हललं, बोललं, तर?”

सरांनी खिशातून वही काढली. तयारीशिवाय वर्गावर जाणाऱ्यातला हा माणूस नव्हे.

“हे पाहा. पाच ते सहा फिरणं. सहा ते साडेसहा त्याचं खाणं. संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. मी वेळापत्रकच केलंय.”

“आन साडेसहाच्या पुढं दिवसभर?”

“बसेल.”

“कुठं?”

“सांगेन तिथं. सातशे पोरं बसवलीत मी, बुवा. माझ्या शाळेत टाचणी पडली तरी ऐकू यायची.”

बुवांनी बोटांनी कोटंबा पुसून घेतला. कुत्र्यांतली सर्वांत लहान, पांढरी-तांबडी भिंगरी, एवढ्यात सरांच्या चपलेचा पट्टा कुरतडून मोकळी झाली होती.

“ठकूबाईच्या कांद्याचा बांध घुशींनी पोखरलाय. चला संगं. तितंच बोलू.”

“माझी साडेचारची एसटी आहे.”

“आसंल की,” बुवा म्हणाले आणि कुदळ खांद्यावर टाकून चालू लागले.

*

बांधाला पाचसहा बिळं होती. भिंगरीनं एकेकाचं तोंड हुंगलं आणि चौथ्यात अशी घुसली की शेपटीचं टोकही दिसेना. आतून दबकं भुंकणं आलं. मग तेही थांबलं.

बुवा बांधावर बसले.

पाव तास गेला. अर्धा तास गेला. बुवा हलले नाहीत.

“आता काय करायचं?” सरांनी विचारलं.

“बसायचं.”

“किती वेळ?”

“ती येस्तवर. कुत्रं बिळात आसंल तर मानूस घरी जात न्हाई. ह्या जातीचा तेवढाच नेम हाय, गुर्जी. बाकीचं समदं शिकून होतं.”

सर उभेच होते. पांढऱ्या धोतराला माती लागू नये म्हणून त्यांनी सोगा हातात धरला होता. चार वाजले. मग चार वाजून दहा मिनिटं झाली. सर बिळासमोर गेले, छाती भरून घेतली आणि ज्या आवाजानं आठ गावांची पोरं चळाचळा कापली होती, त्या आवाजात म्हणाले, “भिंगरी! बाहेर ये!”

बांधावरचा एक पारवा तेवढा उडाला.

“ऐकत नाही म्हणजे काय?” सर चिडले. अपमान झाल्यासारखं त्यांचं तोंड लाल झालं. “राहू दे तिला आत. चला. भूक लागली की येईल आपोआप.”

बुवांनी मान वर करून पाहिलं.

सरांचे शब्द सरांनीच ऐकले होते. हे वाक्य आपण पहिल्यांदा म्हणत नाही, हे त्यांना भर उन्हात लख्ख आठवलं आणि हातातला सोगा सुटला.

“काय झालं, गुर्जी?”

“काही नाही...”

बुवा उठले. बिळापासून चार हात पुढं जाऊन जमिनीवर सरळ पालथे पडले आणि कान मातीला लावला. तिथून थोडं सरकले. पुन्हा कान लावला.

“हितं हाय. अडाकलीय. जित्ती हाय, उकरतीय. दमली की खांदू.” मग तसेच पडल्या पडल्या म्हणाले, “या. तुमीबी ऐका.”

सरांनी घड्याळ पाहिलं. धोतर पाहिलं. फाट्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला, एकदा आणि मग लांबून पुन्हा एकदा.

सर गुडघ्यांवर बसले. मग पालथे झाले. नऊ वर्षांत काय, जन्मात ते असे मातीत पडले नव्हते. गाल जमिनीला टेकला. आधी स्वतःच्या छातीची धडधडच ऐकू येत होती. मग तिच्या खालून अगदी बारीक खरखर आली. कुणीतरी नखांनी माती उकरत होतं. थांबत होतं आणि पुन्हा उकरत होतं.

“आहे...” सर म्हणाले. “बुवा, ती आहे आत.”

“मग? जाईल कुठं?”

दोन म्हातारे तोंडासमोर तोंड करून मातीत पडलेले होते.

“माझी मुलगी,” सर म्हणाले. “कावेरी. खो-खो खेळायची. घरात एक मिनिट स्वस्थ बसायची नाही. दहावी झाल्यावर मी खेळ बंद केला. बसवली तिला.”

“बसली?”

“पाच वर्षं बसली. मग एका संध्याकाळी भांडून निघून गेली. तिच्या आईनं किती विनवलं मला, जा हो, फाटकापर्यंत तरी जा. मी म्हणालो...”



“म्हनाला, भूक लागली की यील,” बुवा हळूच म्हणाले.

“आणि कडी लावली. बुवा, आतून कडी लावली मी.”

“आता कुठं आसती?”

“बार्शीला. शाळेत खेळ शिकवते. दोन तासांची वाट आहे. बारा वर्षं झाली. आई गेली तेव्हा आली होती. अंगणात बसून होती दिवसभर. मी खुर्चीवरून उठलो नाही. वाटलं, ती येईल आत. येऊन बोलेल.”

खालची खरखर थांबली.

सर दचकून उठले. “बुवा! आवाज थांबला!”

“खांदा मग.”

सरांनी कुदळ उचलली. दोन घाव घातले, तसा बुवांनी हात धरला.

“हळू. वरून घाव घालायचा, मंग हातानं माती सारायची. खाली जीव हाय.”

सरांनी कुदळ टाकली. दोन्ही हातांनी उकरू लागले. नखांत माती गेली, एका बोटातून रक्त आलं. धोतराचं त्यांना भान नव्हतं. ते तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. त्यात हुकूम नव्हता. “आलो, आलो हं, थांब” असलंच काहीतरी होतं.

हातभर खाली माती ढासळली आणि एक ओलं, रक्ताळलेलं नाक वर आलं. भिंगरीनं डोळ्यांतली माती झटकली, जबड्यातली मांजराएवढी घूस बाहेर ओढली, बुवांच्या पायाशी टाकली आणि सरांच्या रक्ताळलेल्या बोटाला दोनदा चाटलं. मग लगेच पाचव्या बिळाकडं पळाली.

सर खड्ड्याच्या काठावर बसून रडले. बुवांनी त्यांना रडू दिलं.

ऊन कलतं झालं होतं. सरांनी उपरण्यानं तोंड पुसलं, त्यानं माती तोंडभर झाली. खिशातली वही खड्ड्यात पडली होती. ती त्यांनी उचलली नाही.

“आता सांगा बुवा. पिल्लू द्याल मला?”

बुवांनी कुदळीची माती गवतानं पुसली. धार अंगठ्यावर पाहिली. मग ती दोन्ही हातांनी सरांपुढं धरली.

सरांनी कुदळ घेतली. काही उमजेना.

“आणि पिल्लू...?”

“ते हाय हितंच. आदी ही घिऊन बार्शीला जावा.”