भिवराने मळलेली माती

आखाड्यात बाईने पाऊल टाकू नये, असा सगळीकडचा रिवाज. आमच्या जांभुळखोऱ्यात मात्र तुकाईच्या माळावरच्या आखाड्याची माती बायकाच मळतात. ताक, तेल, हळद घालून, उपाशीपोटी. पाहुण्यांना नवल वाटतं.

असं सांगतात, फार पूर्वी इथे केरबा नावाचा नामी पैलवान होता. जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीवर परगावचे सटोडिये पैजा लावायचे. एका साली त्यांनी केरबालाच फितवलं. अख्खा गाव त्याच्यावर पैज लावून बसलेला, अन् हा पहिल्याच डावाला आडवा झाला.

"केरबा, कशानं पडलास रं? वाऱ्यानं का रुपयानं?" कुणीतरी ओरडलं.

घरी बायकोने, भिवराने, एवढंच विचारलं, "धनी, तुकाईची आण हाय. त्यानं पाडलं, का तुमी पडला?"

"पडलो," केरबा म्हणाला, आणि त्याच सांजेला गाव सोडून गेला.

मग कुस्तीवर कुणाचा विश्वास उरला नाही. आखाड्यात गवत माजलं. पाणवठ्यावर बायका भिवराला म्हणत, "तुझी घागर जरा लांब ठेव, बाई." ती देवीला नवस बोलली, "आई, जिंकणं मागत नाही. यांच्या पाठीला खऱ्या कुस्तीची माती लागेस्तोवर डोक्यात फूल माळणार नाही."

दर साली जत्रेआधी ती एकटीच गवत उपटायची, एकटीच माती मळायची. बोलायची तीही मातीशीच, म्हणे. बाईने आखाडा बाटवला असं म्हणायलासुद्धा कुणी तिकडे फिरकत नसे.

किती वर्षं गेली, देवीलाच ठाऊक. एका जत्रेला पांढऱ्या दाढीचा केरबा लंगोट कसून आखाड्यात उभा राहिला. कुणी पुढे येईना. शेवटी गावचा एक तरणा पैलवान उतरला.

"म्हातारबा, हाडं मोडतील."

"मोडू देत. पण सोडू नगंस मला."

दिवस कलेपर्यंत केरबा झुंजला. अखेर त्या पोराने त्याला खरोखरीचा चीत केला. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी हसलं नाही. भिवरा आखाड्यात शिरली, नवऱ्याच्या पाठीवरची माती बोटाने घेतली आणि अबिरासारखी कपाळाला लावली. पाणवठ्यावरच्याच एका बाईने पुढे होऊन आपल्या अंबाड्यातलं फूल तिच्या केसांत खोवलं.

आजही माती आम्ही बायकाच मळतो. आणि शेवटच्या कुस्तीत हरलेला गडी पाठ न झटकता तुकाईच्या पायऱ्या आधी चढतो. जिंकलेला त्याच्या मागून.