विरूपाक्षाचे चिंचोके

“मग अप्पा, चूक दिसली तरी तोंडाला कुलूप लावून बसायचं का?”

विरूपाक्षाचा आवाज जरा चढलाच होता. रेवणअप्पा ओसरीवर सकाळचे ऊन खात बसले होते.

नदीकाठच्या त्या मठात अप्पा शिष्यांना कथा लिहायला शिकवत. रीत साधी होती. संध्याकाळी एकाने आपली कथा वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची आणि मग लिहिणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे काहीतरी सांगायचे.

विरूपाक्ष आला आणि त्याने या रीतीत सुधारणा केली. हुशार माणूस तो, सुधारणा केल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास कसा उतरणार! ऐकायला बसताना तो पुढ्यात पितळेची वाटी आणि मुठीत चिंचोके घेऊन बसे. चूक दिसली की एक चिंचोका वाटीत टाकी. म्हणजे एकही चूक विसरायला नको.

काल सिद्रामची पाळी होती. बिचाऱ्याने जन्मात पहिल्यांदाच कथा लिहिली होती. वाचून झाल्यावर विरूपाक्षाने वाटी पुढे ओढली, एकेक चिंचोका उचलला आणि एकेक चूक सांगितली. सगळ्या खऱ्या होत्या. सिद्राम खाली मान घालून ऐकत राहिला.

आज उजाडताच सिद्राम वळकटी बांधून घाटावर जाऊन बसला होता. होडी आली की घरी जाणार, पुन्हा लेखणी हातात धरणार नाही, असे सांगून गेला होता.

“मी एक अक्षर खोटं बोललो नाही,” विरूपाक्ष म्हणाला. त्याला वाईट वाटत होते, नाही असे नाही. पण वाईट वाटण्यापेक्षा कोडेच जास्त पडले होते. “खरं सांगितलं तर माणूस सुधारायला हवा. हा पळून का चाललाय?”

“वाटी आण तुझी,” अप्पा म्हणाले.

त्याने वाटी आणली. अप्पांनी मूठभर चिंचोके घेतले, डोळे मिटले आणि एक वाटीत टाकला.

टण्.

“हा कशाचा?”

“सुरुवात लांबली. गावाचं वर्णन संपता संपत नाही.”

टण्.

“हा?”

“म्हातारीच्या घरात दाणा नाही, हे उगाच दोनदा सांगितलं.”

टण्, टण्.

“उपमा. एकीला दुसरी चिकटलेली.”

विरूपाक्ष बघतच राहिला. कालचाच क्रम होता आणि कालचीच लय होती. काल कथा चालू असताना अप्पा असेच डोळे मिटून बसले होते. म्हाताऱ्याला डुलकी लागली, असे याने खुशाल धरून टाकले होते.

अप्पांनी पुढचा चिंचोका उचलला आणि हात वाटीवर तसाच धरला...

विरूपाक्ष वाट पाहू लागला. चिंचोका पडेना. पैलतीराहून होडीवाल्याची आरोळी आली. तरी अप्पांचा हात हलला नाही.

“टाका ना, अप्पा.”

“तू कुठं टाकला होतास?”

“मी नव्हता टाकला?”

“बराच वेळ नाही.”

“का?”

“मला काय ठाऊक? हात तुझा.”

आता मात्र विरूपाक्षाला राहवेना. आपलाच हात आपल्याला न विचारता थांबतो म्हणजे काय! तो जोत्यावर टेकला आणि सिद्रामची कथा पहिल्यापासून आठवू लागला. मुलगा कित्येक वर्षांनी आईच्या दारात येतो, पण ओळख देत नाही. वाटसरू म्हणून ओसरीवर बसतो. म्हातारी त्याला भाकरी वाढते. आणि मग, काही न बोलता, ताटातला ठेचा काढून घेते आणि गुळाचा खडा ठेवते. लहानपणी त्याला तिखट सोसत नसे.

“तिथं!” विरूपाक्ष ओरडलाच. “ठेच्यापाशी हात थांबला होता!”

लगेच त्याने कपाळावर हात मारून घेतला.

“पण अप्पा, सगळ्यात मोठी चूक तर तिथंच आहे! घरात दाणा नव्हता ना? मग भाकरी आली कुठून? एवढी ढळढळीत चूक... माझ्या नजरेतून सुटली कशी?”

“कशी?”

“झोपलो तर नव्हतो मी.”

“नव्हतास.”

“मग मी...”

त्याने पटकन डोळे पुसले आणि त्याला त्याची लाज वाटली. एवढा चुका काढणारा माणूस, आणि एका गुळाच्या खड्याने त्याची ही गत व्हावी!

“ती त्याला ओळखते की नाही, ते बघत होतो,” तो हळूच म्हणाला.

अप्पांनी डोळे उघडले. हातातला चिंचोका त्यांनी वाटीत टाकला नाही, अंगणात भिरकावून दिला.

“हे सिद्रामला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही.”

घाटाकडून वल्ह्यांचा आवाज येऊ लागला होता. विरूपाक्ष ताडकन उठला आणि पायात वहाणा न सरकवताच अंगणात उतरला. अर्ध्या वाटेवर थबकून त्याने मागे पाहिले. जीव घाटाकडे ओढत होता, तरी विचारल्यावाचून त्याला पुढे जाववेना.

“आणि अप्पा, त्या भाकरीचं? ते सांगू की नको?”

अप्पा उन्हाकडे पाठ करून बसले होते.

“ठेच्याचं ऐकलं की भाकरीचं तोच विचारील.”