येसाक्काचे झाकण

त्या किनाऱ्यावर प्रत्येक खेकड्याला शंख समुद्राच्या तळातून मिळत असे, आणि प्रत्येक शंखाला झाकण असे. तळातून एक भोंगा झाला की सगळी झाकणे उघडत, दुसरा झाला की मिटत. आत राहणाऱ्याला त्यात काही करायचे नसे. तळात कोण राहते ते कोणी पाहिलेले नव्हते. पण त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते, एवढे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते.

हे खेकडे पुढून टणक आणि मागून लोण्यासारखे मऊ. उघड्या पाठीने फिरणारा म्हणजे घारीचा घास, त्यामुळे शंखावाचून गत्यंतर नव्हते. फार पूर्वी म्हणे रिकामे शंख वाळूत पडलेले असत आणि ज्याला जो बसेल तो तो घेई. मग किनारा स्वच्छ दिसावा म्हणून तळाने ते सगळे गोळा करून नेले, आणि थोड्या दिवसांनी झाकणे लावून परत वाटले. वाटपाच्या दिवशी खेकड्यांनी रांगा लावल्या, आभार मानले, काहींच्या तर डोळ्यांत पाणी आले. आपलाच शंख आपल्याला मिळतो आहे हे एकाच्याही ध्यानात आले नाही. आता याला काय म्हणावे!

याच किनाऱ्यावर टोच्या नावाचा एक खेकडा होता. त्याच्या मोठ्या नांगीचे टोक दाभणासारखे होते. एका दुपारी झाकण मिटलेले असताना त्याला फार उकडले, आणि त्याने आतूनच शंखाच्या पाठीला भोक पाडले. भोकातून वारा आला. तळाने न पाठवलेला वारा त्या किनाऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाच्या अंगाला लागला.

दुसऱ्या दिवशी झाकणे उघडताच टोच्यापुढे रांग लागली. झाकणापासून दोन वेढे वर नांगी टेकवायची, तीन गिरक्या घ्यायच्या, की भोक तयार. टोच्याचा रुबाब काय वर्णावा! तो चालू लागला की लहानथोर बाजूला होत. त्याच्या तोंडी एकच शब्द, स्वातंत्र्य. आणि ते मिळाल्यावर खेकड्यांनी पहिले काम काय केले? शंखाला पट्टे मारले. तळाचे शंख सगळे करडे असत. भोकातून नांगी बाहेर काढली की पाठीपर्यंत पोहोचे, मग कोणी तांबडे पट्टे ओढले, कोणी पिवळे. एवढ्या मोलाचे भोक, आणि त्यातून रंगरंगोटी! झाकणाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. ते भोंग्यावर उघडत होते आणि भोंग्यावर मिटत होते.

तळ रागावला नाही. तळ फार हुशार होता. त्याने एक वाम, सापासारखी लांब मासळी, पाठवली. ती वळवळत खडकावर चढली आणि गोड आवाजात म्हणाली, "माझ्या लाडक्या शंखवासीयांनो, तळाने तुमच्यासाठी एक अपूर्व शोध लावला आहे. पट्टे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या भरतीला तळाने शिंपल्याच्या पातळ पापुद्र्याची खिडकी दिली. ती उघडत नसे, पण तिच्यातून दिसत असे. भोकातून तर दिसतही होते आणि वाराही येत होता. पण भोक स्वतः पाडावे लागे आणि खिडकी आयती मिळत होती.

त्याच सुमाराला शेवाळाच्या मळ्याच्या फाटकावर एक कासव बसवले गेले. ते येणाऱ्या प्रत्येक शंखावर टकटक करी आणि कान देऊन ऐके. अखंड शंख "टण्ण" वाजे. भोकाचा शंख "भद्द" वाजे. भद्द वाजला की कासव मान हलवून म्हणे, "तुमच्याच सुरक्षेसाठी तुम्हाला आत सोडता येत नाही हो." कोवळे, गोड शेवाळ फक्त त्या मळ्यात होते. बाहेरच्या काळ्या खडकावर जे उगवे ते चरबट आणि कडवट.

मग काय, टोच्यापुढे पुन्हा रांग. या वेळी भोके बुजवून घ्यायला. चिखल, शंखाचा भुगा, थोडा चीक, असा लेप करून टोच्या आपणच पाडलेली भोके आपणच लिंपू लागला. कासव नवीन युक्तीने ऐकायला शिकले की टोच्या नवीन लेप शोधी. आयुष्यभराचे कसब आता आपण काही केलेच नाही हे दाखवण्यात खर्च होत होते, आणि तरी त्याची मान ताठच होती.

त्या किनाऱ्याच्या टोकाला येसाक्का राहत असे. वयाने थकलेली, जुन्या करड्या शंखातली. तिने भोक पाडून घेतले नव्हते, पट्टेही मारले नव्हते. तिला त्या गडबडीत जायला कधी सवड झाली नव्हती. तिच्याकडे वाम आली आणि म्हणाली, "आक्का, तुमचा शंख जुना झाला. येत्या उधाणाच्या भरतीनंतर याचं झाकण भोंगा ऐकणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एकदा मिटलं की मिटलंच. तुम्ही नवा घ्या ना! छान पट्टे आहेत."

येसाक्का नवा शंख बघायला गेली. तळाने नुकतीच सुधारणा केली होती. जुने शंख उजवीकडे वळलेले असत, नवे डावीकडे. आक्काचे मऊ अंग इतक्या वर्षांत जुन्या वेढ्याला जुळून गेले होते. ती निम्मी आत गेली आणि अडकली. पाठ उघडीच राहिली. जुन्यात राहावे तर जिवंतपणी कोंडून मरायचे, नव्यात जावे तर घारीच्या तोंडी. मध्ये फक्त उधाणापर्यंतचे दिवस होते.

ती टोच्याकडे आली. "अरे टोच्या, माझं एवढं झाकण काढून दे. बिजागरीच तोड."

टोच्याने नांगी झटकली. "आक्का, आता त्यात काही राम राहिला नाही. भोकं पाडायचे दिवस गेले. जे भोकातून मिळत होतं ते सगळं तळच देतो. तुम्हाला हवंय काय? पट्टे की खिडकी?"

"मला दार हवंय रे."

"झाकण आहे की!"

"ते माझं नाही."

टोच्याला हे काही कळले नाही. इतकी वर्षे स्वातंत्र्य स्वातंत्र्य करणाऱ्याला कळू नये, म्हणजे कमाल झाली. पण प्रश्न त्याला चावला, कारण त्याचा स्वतःचा धंदा बसत चालला होता. त्याने खडकाखाली सभा बोलावली. विषय असा: भोक पाडण्यात अजून राम आहे का?

सभा दणक्यात झाली. एक जण म्हणाला, भोकातून माझ्या शंखात पिसवा शिरल्या, आठ दिवस झोप नव्हती. हे खरे होते. दुसरा म्हणाला, भोकामुळे माझा शंख तडकला आणि वामीने दुरुस्तीला हात लावला नाही. हेही खरे होते. तिसरा म्हणाला, "तळाच्या पट्ट्यांना चकाकी जास्त आहे." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मळा, खिडकी, चकाकी सगळ्याचा विचार झाला. येसाक्का मागे उभी राहून म्हणाली, "अहो, पण झाकण कोणी उघडायचं?" तेव्हा हशा पिकला. कोणी म्हणाले, "आक्काला पट्टे मारून द्या रे कोणीतरी!" एकमताने ठरले की भोक पाडण्यात आता राम नाही.

सभा संपते न संपते तोच वाम टोच्याजवळ सरकली. भोकांविषयी तुमच्याइतके जाणणारा दुसरा कोण आहे, तळाला तुमच्यासारख्याची गरज आहे, असे बरेच काही ती म्हणाली. आणि तीन खिडक्यांचा, सोनेरी पट्ट्यांचा, आतून ऐसपैस शंख त्याच्यापुढे ठेवला. अट एकच, नांगीचे टोक घासून बोथट करायचे. टोच्याने थोडा वेळ विचार केल्यासारखे केले. मग त्याने सर्वांसमक्ष नांगी टाकली. ती घासली जात असताना तो खिडक्या मोजत होता.

येसाक्का घरी आली. तिला टोच्यासारखे टोक नव्हते, कसब नव्हते. तिने एक खरबरीत दगड शोधला आणि झाकण उघडे असेल तेवढ्या वेळात बिजागरीवर घासत बसू लागली. खर्र, खर्र. येणारे-जाणारे विचारीत, "काय आक्का, म्हातारपणी चळ लागला का?" ती घासतच राही. तिला राग येत होता, भीतीही वाटत होती, आणि दोन्हींपेक्षा जास्त म्हणजे नांग्या दुखत होत्या. उधाणाच्या आदल्या सकाळी बिजागरी तुटली आणि झाकण वाळूत पडले.

कासवाने तिला फाटकातूनच परत पाठवले. शंख भद्द वाजला. ती काळ्या खडकावर चरबट शेवाळ खरवडत असताना वरून घारीची सावली आली. आक्का शंखात शिरली, पण आता मिटायला काही नव्हते. तिने जिवाच्या आकांताने मोठी नांगी पुढे घेतली, आणि ती शंखाच्या तोंडावर घट्ट बसली. कडेला केसाएवढीही फट राहिली नाही. घारीने चोच मारून पाहिली, नखे मारून पाहिली, आणि कंटाळून निघून गेली.

खेकड्याची एक नांगी दुसरीपेक्षा मोठी का असते, हे त्या किनाऱ्यावर सगळे विसरले होते. टाळ्या वाजवायला बरी पडते, एवढेच त्यांना ठाऊक होते. आक्काने नांगी आत घेतली, पुढे आणली, पुन्हा आत घेतली. उघड, मीट, उघड. भोंगा झालाच नव्हता. ती एकटीच खदाखदा हसली.

दुसऱ्या दिवशी उधाण आले. वाम खडकावर चढली. "लाडक्या शंखवासीयांनो! आजपासून झाकण उघडण्यामिटण्याचा तुमचा सारा त्रास संपला. मळ्यात जाण्याची दगदग नको. शेवाळ तळ आत पोहोचवील, तळाला योग्य वाटेल तेव्हा, तळाला योग्य वाटेल ते." आतून टाळ्या झाल्या. भोंगा झाला आणि झाकणे मिटली. ती परत उघडली नाहीत.

पहिले दोन दिवस किनारा खूष होता. बसल्याजागी शेवाळ येत होते आणि खिडकीतून समुद्र दिसत होता. तिसऱ्या दिवशी शेवाळ शिळे आले. चौथ्या दिवशी आलेच नाही. तेव्हा खेकडे आतून ठोठावू लागले. कासव रोजच्या नेमाप्रमाणे किनाऱ्यावरून फिरले. त्याने प्रत्येक शंखाला कान लावला. आतून टण्ण, टण्ण आवाज येत होता. "अखंड," कासव म्हणाले, "अगदी अखंड," आणि समाधानाने पुढे गेले. मग सगळ्या किनाऱ्याने शंख केला. ज्यांनी सभेत माना डोलावल्या त्यांनी सर्वांत मोठ्याने केला.

येसाक्का काळ्या खडकापाशी आपल्या दारात बसली होती. पडलेले झाकण तिने उलटे करून त्याचे ताट केले होते आणि त्यात कडवट शेवाळ वाढून घेतले होते. शेवाळ काही चांगले नव्हते. शंखात वाळू येत होती, ती रोज झाडावी लागे.

जवळच सोनेरी पट्ट्यांचा एक शंख होता. त्यातून खरवडल्याचा आवाज येत होता, झाकणापासून बरोबर दोन वेढे वर, आतल्या बाजूने. नांगी बोथट होती. ती नुसती घसरत होती. मग आवाज थांबला आणि तीन खिडक्यांपैकी एका खिडकीत टोच्याचे डोळे दिसले.

"आक्का! तुमच्याकडे तो दगड आहे ना अजून?"

"आहे."

"मग लवकर करा हो. जीव घुसमटतोय."

आक्का दगड घेऊन आली. तिने तो शंखाच्या पाठीवर टेकवला आणि एकदा घासला. खर्र.

"आक्का, अहो, जरा जपून," आतून टोच्या म्हणाला, "पट्ट्यांना ओरखडा जाईल."

आक्काने दगड खाली ठेवला. ती परत आपल्या दारात गेली आणि झाकणातले उरलेले शेवाळ शेवटच्या घासापर्यंत सावकाश खाल्ले. मग तोंड पुसले, दगड उचलला, आणि सोनेरी पट्ट्याच्या बरोबर मधोमध टेकवला.